शेवटची गाडी विचारून ठेवा

यवतमाळ जिल्ह्यात फिरायला निघण्याआधी नकाशा जरा वेळ घेऊन पाहावा. वर्धा नदी उत्तरेकडून पूर्वेकडे वळत जिल्ह्याची एक हद्द आखते, दक्षिणेची हद्द पैनगंगा आखते, आणि या दोघींच्या मधे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांचा, सोळा तालुक्यांचा मुलूख पसरला आहे. एवढ्या मुलखात रेल्वे मात्र कडेकडेनेच सापडते. पूर्वेच्या कोपऱ्यात वणीवरून माजरी–आदिलाबाद मार्ग जातो. मुर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजी अमदानीत कापूस वाहून नेण्यासाठी सुरू झाली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल इंजिन आले, आणि आता ती गाडीही बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

त्यामुळे हा जिल्हा पाहायचा तर सडकेने, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, मिळेल त्या गाडीने पाहावा लागतो. टिपेश्वर अभयारण्याचा परिसर सोडला तर पर्यटकासाठी मांडून ठेवलेले इथे फारसे काही नाही. बेत अर्धा मोकळा ठेवून फिरणाऱ्याला हीच जागा मानवते, आणि हीच जागा त्याला अडचणीतही आणते. मोकळा प्रवास जमवायचा तर काही मोजक्या गोष्टी आधी घट्ट बांधाव्या लागतात. त्या बांधल्या की बाकीचा दिवस सैल सोडता येतो. त्या गोष्टी कोणत्या आणि त्या कशा चालतात, ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट एसटी. खेड्यांना जोडणाऱ्या फेऱ्यांचा दिवस ठरावीक दिशेने वाहतो. सकाळी खेड्यातली माणसे तालुक्याला येतात: शाळा-कॉलेज, तहसील, बँक, दवाखाना, बाजार. दुपारनंतर ती परत जातात. गाड्या याच ओघाला धरून सोडलेल्या असतात. अनेक आडवळणाच्या गावांना मुक्कामी गाडी असते. ती संध्याकाळी आगारातून निघते, रात्री गावातच थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन ती तालुक्याला येते. आता आपण तालुक्याच्या गावी मुक्काम ठोकून दिवसभरासाठी खेड्याकडे जाऊ म्हणतो, तेव्हा आपण या ओघाच्या नेमके उलट चाललेले असतो. सकाळी जाणाऱ्या गाडीत जागा भरपूर मिळते, पण संध्याकाळी आपल्याला तालुक्याला परतायचे असते तेव्हा गाड्या गावाकडे चाललेल्या असतात. मुक्कामी गाडीने गावात पोचलेला माणूस तर उजाडेपर्यंत तिथलाच होतो.

म्हणून आगारात चौकशीच्या खिडकीशी जाण्याची गाडी विचारून थांबू नये. येण्याची शेवटची गाडी आधी विचारावी, आणि ती तिथून सुटणारी आहे की पुढच्या कुठल्या गावाहून येणारी, हेही विचारावे. पुढून येणारी गाडी भरून आली तर हात दाखवूनही थांबेलच असे नाही. गावात उतरताना वाहकालाही तोच प्रश्न करावा. फलकावरची वेळ आणि वाहकाने सांगितलेली वेळ वेगळी असली तर वाहकाचे ऐकावे. तो त्या रस्त्यावर रोज असतो.

यात आणखी एक पदर आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी निळ्या बसगाड्या चालवल्या जातात. मुलींना त्यात मोफत प्रवास आहे. आडबाजूच्या गावांना त्यांचा मोठा आधार आहे, पण त्यांचे वेळापत्रक शाळेच्या घंटेला बांधलेले. रविवार, दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी लागली की काही गावांच्या फेऱ्या एकदम विरळ होतात. महिन्यापूर्वी कुणी सांगितलेली वेळ मे महिन्यात उपयोगाची नसते. आठवडी बाजाराचा दिवस याच्या उलट. त्या दिवशी रस्ता जागा असतो, वाहने जास्त, परतीची सोयही जास्त. अनोळखी गाव पाहायचे असेल तर मी बाजाराचा दिवस विचारून तो दिवस धरतो.

एसटी जिथे कमी पडते तिथे काळी-पिवळी आणि ऑटो येतात. काळी-पिवळीला वेळापत्रक नाही, सीट भरली की ती निघते. सकाळी दहाच्या सुमारास पाच मिनिटांत भरणारी गाडी दुपारी दीड वाजता तासभर उभी राहील. अंधार पडल्यावर तिचा भरवसा धरू नये. तिच्यापेक्षाही फसवणारी गोष्ट म्हणजे फाटा. महामार्गावरून जाणारी लांब पल्ल्याची गाडी तुम्हाला गावाच्या नावाने तिकीट देते, पण सोडते फाट्यावर, आणि गाव आत कुठेतरी चार-सहा किलोमीटरांवर असते. तिकीट घेतानाच ‘गावात जाते का फाट्यावर सोडता?’ हे विचारले की संध्याकाळची पायपीट वाचते.

तिकिटांबद्दल थोडे. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हव्या त्या गाडीत बसायचे. मोकळ्या प्रवासासाठीच काढली असावी असे तिचे नाव आहे. पण केवळ या एका जिल्ह्यात फिरणार असाल तर टप्पे लहान पडतात आणि सुटी तिकिटे स्वस्त जातात. नांदेड, चंद्रपूर, अमरावती असा मोठा फेरा असेल तेव्हा पासचा विचार करावा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. या सवलतींनी कुणाच्या लक्षात न येता एक बदल घडवला. सकाळच्या गाडीत आता बायाबापड्या आणि म्हातारी माणसे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. एकट्या निघालेल्या बाईला या गर्दीचा आधार वाटतो. शेजारी बसलेल्या मावशीला कुठे जायचे ते सांगून ठेवले की उतरण्याची जागा, पुढची गाडी, कुणाकडे पाणी प्यावे, सगळे आपोआप कळते.

दुसरी घट्ट बांधायची गोष्ट ऋतू. इथे तो प्रवासाचा मालक आहे. हा काळ्या मातीचा, कापसाचा प्रदेश. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. शेतातून जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर पावसाळ्यात सायकलचे चाक चार फेऱ्यांत मातीने भरून जाम होते, पायातली चप्पल मागेच राहते. डांबरी रस्त्याने जावे तर वाटेत नाले. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी अशा नद्या आणि त्यांना मिळणारे शेकडो नाले वर्षातले बरेच महिने शांत असतात, आणि वरच्या अंगाला पाऊस झाला की तासाभरात पुलावरून वाहू लागतात. आपल्या डोक्यावर ऊन असते, म्हणून पूर येईल असे वाटत नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली आणि माणसे दगावली. पुलावर पाणी असेल तर चालक काहीही म्हणो, आपण उतरून अलीकडे थांबावे. दुसऱ्या काठाला काही ठरवून ठेवलेले नसले की हा निर्णय सोपा होतो. सैल बेताचा खरा फायदा मला इथे दिसतो: पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेला माणूस पाण्यात पाय घालतो.

मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. नवतपात दुपारी बारा ते चार रस्त्यावर राहू नये. गावकरीही राहत नाहीत, वाहने कमी असतात आणि फाट्यावर सावली असेलच असे नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. कापूस वेचणी चाललेली, तुरी उभ्या, हवा कोरडी आणि थंड. तेव्हा काळजी एवढीच, की कापसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रीच्या अंधारात मागे दिवा नसताना जिनिंगकडे चाललेले असतात. दुचाकीने फिरणाऱ्याने दिवस मावळायच्या आत गाव गाठावे. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची वर्दळ आणि धूळ असते, तिथे तर हे अधिकच पाळावे.

मुक्कामाचे म्हणाल तर यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा इथे लॉज मिळतात. झरी-जामणीसारख्या तालुक्याच्या गावी तशी अपेक्षा ठेवू नये. शासकीय विश्रामगृहात जागा मिळू शकते, पण अधिकारी आले की ती सोडावी लागते. आडगावी रात्र काढायची वेळ आली तर सरळ पोलीस पाटलाकडे किंवा सरपंचाकडे जाऊन नाव-गाव सांगावे, ओळखपत्र दाखवावे आणि ‘सकाळच्या गाडीने जाईन’ म्हणावे. मंदिराचा सभामंडप, कधी कुणाची ओसरी मिळते. माहिती न देता पारावर पथारी टाकली की गावाला शंका येते, आणि ती रास्त असते. मागितलेल्या जागेचे पैसे कुणी घेत नाही. घरात लहान पोर असेल तर त्याच्या हातावर खाऊ ठेवावा, तो कुणी नाकारत नाही.

जंगलाचे वेगळे. टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे, पांढरकवड्याजवळ. सुन्ना आणि माथनी ही त्याची माहितीतली प्रवेशद्वारे. आत पायी फिरता येत नाही, वाहन आणि मार्गदर्शक घेऊनच जावे लागते आणि आरक्षण आधी करावे लागते. बेत घट्ट ठेवायला लावणारी ही इथली एकमेव जागा. पण वाघ अभयारण्याच्या रेषेत राहत नाही, हे मोकळ्या प्रवाशाने जास्त लक्षात ठेवावे. टिपेश्वरातल्या एका तरुण नर वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो बाहेर पडला, आदिलाबादकडे गेला, परतला, शेतांतून आणि नाल्यांच्या कडेने तेराशे किलोमीटरांवर चालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याआधी, याच पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जोडल्या गेलेल्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ गोळी घालण्यात आली. त्याआधीच्या दोन वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी कसे दिवस काढले ते आजही लोक सांगतात. राळेगाव, घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी या भागांत पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने नाल्याकडे किंवा झुडपांतल्या वाटेने जाऊ नये. गावकरी ‘तिकडून नका जाऊ’ म्हणाले की वाद न घालता रस्ता बदलावा.

याच भागात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, बहुधा मुख्य गावापासून जराशी दूर. तिथे अचानक कॅमेरा घेऊन जाणे चांगले नाही. शिक्षक, आशाताई किंवा ओळखीचा कुणी बरोबर असावा, आणि नसेल तर वस्तीच्या तोंडाशी थांबून कुणी विचारपूस करेपर्यंत वाट पाहावी.

आता रस्ते. मी नव्या माणसाला वर्ध्याकडून आत यायला सांगतो. वर्ध्याहून कळंब सुमारे चाळीस किलोमीटर. रेल्वेच्या फेऱ्या मोजक्या, त्या आदल्या दिवशी विचाराव्यात, नाहीतर एसटी आहेच. कळंबला चिंतामणी गणपतीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडाशी जायचे. तिथून यवतमाळ जवळच. यवतमाळच्या बसस्थानकावर सकाळी तर्रीपोहे खाऊन उभे राहिले की जिल्हा तीन बाजूंना फुटतो, आणि इथून पुढे बेत मोकळा सोडायला हरकत नाही.

दक्षिणेची सडक नांदेडकडे जाणारी. वाटेत आर्णी, बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याचे गाव. पुढे धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि माहूरचा डोंगर समोर येतो. माहूरला भक्तनिवास आहेत, मुक्कामाची चिंता नाही. उमरखेडकडे वळलात तर पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला नांदेड. पावसाळा संपता संपता तो पाहावा, भर पुरात जवळ जाऊ नये.

पश्चिमेचा रस्ता दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. हा बंजारा तांड्यांचा भाग. पुसद तालुक्यातले गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव, १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. या तांड्यांचे पूर्वज शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलुखांतून फिरत. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या तसा तो धंदा गेला आणि लमाण तांडे शेतीवर स्थिरावले. दिग्रसहून वाशीम जिल्ह्यातली पोहरादेवी जवळ आहे. रामनवमीला तिकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे कठीण, पण ज्याला गर्दी चालते त्याने त्याच दिवसांत जावे.

पूर्वेचा रस्ता मला सर्वांत आवडतो. मोहदा, करंजी, तिथून एकीकडे वणी, दुसरीकडे पांढरकवडा, केळापूरच्या जगदंबेचे देऊळ, पाटणबोरी आणि पैनगंगेपलीकडे तेलंगण. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे येऊ लागतात, चहाच्या टपरीवर मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येते. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले, तेव्हा त्यांची वाट याच जिल्ह्यातून आदिलाबादकडे गेली. संमेलनाची जागा आणि तारीख ठरलेली होती. पण १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली, गावातल्याच एकाने शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले, ते निघताना कुठल्याही बेतात नव्हते. पायी आणि वाटेत थांबत गेल्यामुळे माणसे त्यांच्यापाशी येऊन बोलू शकली. त्या वाटेवरून जाताना मला हे दरवेळी आठवते.

आणि या प्रवासात हाती येते ते बहुतेक असेच, थांबण्यातून येते. गाडी चुकली म्हणून फाट्यावर बसलात की कुणीतरी येऊन विचारतेच, ‘कोन्या गावचे भाऊ तुमी?’ उत्तर नीट द्यावे. मग कापसाचा भाव निघतो, सरकीचा निघतो, लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा विषय निघतो, कुणी घरी चहाला नेते, कुणी मोटारसायकलवर पुढच्या स्टॉपपर्यंत सोडते. गाडीबद्दल मात्र एकावर विसंबू नये. ‘येऊनच राह्यली’ हे उत्तर धीर द्यायला दिलेले असते. ‘काल किती वाजता आली होती?’ असे विचारले की खरी वेळ कळते, कारण कालचे सांगताना कुणी अंदाज करत नाही. दोन-तीन जणांना विचारावे, टपरीवाल्याला आणि शाळकरी मुलांना तर विचारावेच.

बोलताना एक भान हवे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपले जीवन संपवले. दरवर्षी त्या दिवशी राज्यात ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी बातम्यांत आला, आणि बाहेरून आलेला माणूस अनेकदा तेवढेच विचारतो. ते आपण विचारू नये. ज्याला सांगावेसे वाटेल तो आपणहून सांगतो, तेव्हा ऐकावे, मधेच गाडी आली तरी. पुढची गाडी पकडता येते.

सामान कमी असावे, कारण भरलेल्या काळी-पिवळीत पिशवी मांडीवर घ्यावी लागते. पाण्याची बाटली, ओळखपत्र, सुटे पैसे आणि लिहिलेला कागद. कागदावर त्या दिवशीच्या शेवटच्या गाड्या, आगाराचा नंबर आणि मुक्कामाचे ठिकाण. झरी, घाटंजीकडे फोनची रेंज जाते आणि मोबाइलमध्ये साठवलेले हाताशी राहत नाही. घरच्यांना सकाळी एकदा ‘आज अमुक तालुक्यात’ एवढे कळवून ठेवावे.

परतीचा रस्ता आल्या वाटेनेच असावा असे नाही, आणि या जिल्ह्यात तो तसा नसावाच. पांढरकवड्याहून हैदराबाद–नागपूर महामार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या रात्रीही मिळतात. उमरखेडहून नांदेड गाठता येते. वणीला पोचलात तर तिथे नंदीग्राम एक्सप्रेस थांबते. ती किनवट, नांदेड, मनमाड करत मुंबईला जाते. तिचे तिकीट मात्र वणीला पोचल्यावर शोधू नका, यवतमाळला असतानाच काढून ठेवा. दिवाळीच्या सुटीत तर त्याहूनही आधी.